आरोपी सांत पेद्रू

चौक गावच्या बस्त्याव मुनीसकडे मिरवण्यासारख्या दोनच वस्तू होत्या. एक बापाने मागे ठेवलेली नाव, सांत पेद्रू. आणि दुसरी स्वतःच्या हिमतीवर उभी केलेली बैलगाडी. पाद्रीबाबांनी बाप्तिस्म्याला त्याचं नाव सेबॅस्टियन ठेवलं होतं, पण ते देवळाच्या वहीत राहिलं. गावाने त्याचा बस्त्याव केला, आणि किनाऱ्यावर तर तेही कुणी म्हणत नसे. तिथे माणसाला त्याच्या नावेवरून ओळखायची रीत. "कोन आला रं?" तर "सांत पेद्रू आली." बापाच्या वेळीही हेच चालायचं. जकातीचे शिपाई येत, मिठाचे साहेब येत, खाकी कपड्यातलं जे कोणी वाळूत उतरे ते एकच शब्द विचारी, "नाव?" आणि कोळी आपल्या होडीचं नाव सांगून मोकळा होई. माणसाचं नाव विचारण्याइतकी फुरसत त्या साहेबांना कधी नव्हती, आणि कोळ्यांनाही त्याचं काही वाटत नसे.

गावातलं बरंचसं मावरं, म्हणजे मासळी, बस्त्यावच्या गाडीतून भाईंदरच्या स्टेशनावर जायचं. दुपारच्या भरतीला होड्या लागल्या की टोपल्या चढायच्या आणि राई-मुर्ध्याच्या रस्त्याने गाडी निघायची. मिठागरं मागे टाकेपर्यंत दिवस बुडायचा, कारण दर्या काही सरकारी घड्याळ बघून भरत नाही. गाडीच्या बाजूला नंबराचा पत्रा ठोकलेला असे, त्याला बिल्ला म्हणत. तो बिल्ला नसेल तर रस्त्यावर गाडी घालायची सोय नाही. आणि गाडी नाही म्हणजे मावरं घरात कुजवा, नाहीतर किनाऱ्यावरच दलालाच्या घशात घाला! दलाल तर टपलेलाच असायचा.

त्यात लढाई आली. बेचाळीस साली मुंबईच्या आसपास सगळीकडे काळोखाचा हुकूम सुटला. गावातले लोक त्याला बलाकौट म्हणत. खिडकीला काळा कागद लावा, देवळातल्या मेणबत्त्या झाका, रस्त्यावर उघडा उजेड दिसता कामा नये. आता गंमत बघा. गाडीला अंधारात दिवा असलाच पाहिजे, हा रस्त्याचा जुना कायदा होता, आणि तो काही कुणी रद्द केला नव्हता. म्हणजे एक कायदा म्हणतो लाव, दुसरा म्हणतो झाक. आई जेऊ घालीना आणि बाप भीक मागू देईना, यापेक्षा वेगळं ते काय?

पहिल्यांदा बस्त्यावला धरलं ते रात्री परतताना, उत्तनच्या उतारावर. कंदील नेहमीसारखा जळत होता. पहाऱ्यावरचा शिपाई धावत आला.

"अरे, अक्कल गहाण टाकली काय? दर्यावरून जपानची बोट तुझा दिवा बघून येईल!"

"माजा कंदील बघून जपानी येल?" बस्त्याव म्हणाला. "तो काय मावरं घ्यायला येतंय?"

या उत्तरापायी दंड वाढला असावा. गावचा पाटील जवळच होता, त्याने सेबॅस्टियन मुनीस असं नीट नाव लिहवलं. बस्त्याव ठाण्याच्या कोर्टात जाऊन दंड भरून आला, आणि शहाण्या माणसासारखं त्याने घरी येऊन कंदिलाच्या काचेला चुलीची काजळी फासली. मधे बोटाने एक फट पुसली, जेमतेम बैलाचे खूर दिसतील एवढी. बायको व्हेरोनिका म्हणाली, "आता कुनी बोलनार न्हाय." तिला तरी काय ठाऊक!

आठवडा गेला नसेल. दिवेलागणीला भाईंदरच्या वेशीत एक हवालदार आडवा आला. घाटावरून नव्यानेच बदलून आलेला, मिशीला पीळ देऊन उभा.

"दिवा कुठाय?"

"ह्यो काय."

"ह्याला दिवा म्हणतात? उजेड पडतो का रस्त्यावर? बिनदिव्याची गाडी, गुन्हा झाला." त्याने वही काढली. "नाव?"

आता खाकी कपड्यातल्या माणसाने असा एकच शब्द टाकल्यावर चौकचा कोळी काय सांगणार? बस्त्याव म्हणाला, "सांत पेद्रू."

"बापाचं?"

"बापाची पन तीच व्हती."

हवालदाराने लिहिलं, सांत पेद्रू वलद सांत पेद्रू, राहणार चौक. बाप-लेकाचं एकच नाव कसं, असं त्याच्या डोक्यातही आलं नाही. ख्रिस्तावांची नावं अशीच असतात, असं त्याचं मत होतं. पक्कडीने बिल्ला उपटला, कोर्टाची तारीख तोंडी सांगितली आणि वर ऐकवलं, "तारखेला आला नाहीस तर वॉरंट काढीन. दंड भरून कोर्टाचा कागद आण, मग बिल्ला मिळेल."

काजळी फासली ती सरकारच्या हुकमाने, आणि बिल्ला गेला तोही सरकारच्या हुकमाने! त्या रात्री बस्त्याव जेवला नाही. होळीचा सण झाला होता, अजून थोडे दिवस दर्या साथ देणार होता, मग वारे फिरले की होड्या वाळूवर ओढून ठेवायच्या. पावसाळ्यात घरात काय शिजणार ते या उरलेल्या दिवसांवरच ठरत असे. तेवढ्यात बिल्ला परत आला तर ठीक, नाहीतर संपलं. दुसऱ्या दिवसापासून व्हेरोनिका डोक्यावर टोपली घेऊन पायी भाईंदरला जायला लागली. एका बाईच्या डोक्यावर जाऊन जाऊन किती मावरं जाणार? बाकीचं दलालाने पाण्याच्या भावाने उचललं आणि वर उपकार केल्यासारखं तोंड केलं.

तारखेला बस्त्याव नाव घेऊनच ठाण्याला गेला. चौकच्या माणसाला तोच सरळ रस्ता: खाडीत शिरायचं, भाईंदरच्या पुलाखालून घोडबंदर मागे टाकायचं आणि भरतीच्या जोरावर ठाण्याचं बंदर गाठायचं. नाव बंदराला बांधली आणि तो कोर्टाच्या आवारात झाडाखाली जाऊन बसला. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. अहो, पण पायरीवर ओढून नेलं तर शहाण्याने करायचं काय, ते कुणी सांगितलेलं नाही.

बस्त्याव कान देऊन बसला होता. पट्टेवाला एकेक नाव पुकारी, माणसं आत जात, पडल्या चेहऱ्याने बाहेर येत. मध्येच पट्टेवाल्याने बेंबीच्या देठापासून हाळी दिली, "सांत पेद्रू हाजिर हैऽऽ?"

बस्त्याव ताडकन उठला. नाव सुटली! दोर तुटला असेल, ओहोटीने खेचली असेल, नाहीतर कोर्टाचा शिपाई बंदरावरच्या होडीच्या नावाने कशाला बोंब मारेल? धोतर सावरत तो धावत सुटला. मागे आणखी दोनदा हाळी झाली, तसा त्याने वेग वाढवला. बंदरावर येऊन बघतो तर सांत पेद्रू जागच्या जागी डुलत होती. त्याने देवाचे आभार मानले, दोर पुन्हा आवळला, पोटभर पाणी प्यायला आणि सावकाश परत येऊन त्याच झाडाखाली बसला.

दिवस मावळला, कोर्ट उठलं, सेबॅस्टियन मुनीस हे नाव काही कुणी घेतलं नाही. "माजं नाव कंदी येनार?" त्याने विचारलं तर पट्टेवाला म्हणाला, "ज्यांची नावं होती ती झाली. घरी जा."

बस्त्याव घरी गेला. आणि तिकडे कागदावर चढलं की आरोपी सांत पेद्रू पुकारा होऊनही गैरहजर राहिला, सबब वॉरंट. म्हणजे बिचारा मिनिटभर उसंत न घेता धावला तो कोर्टाच्या हाकेसरशीच, पण कोर्टाच्या लेखी फरारी झाला!

पुढच्या वेळी व्हेरोनिका म्हणाली, "मी येतंय संगती. तुमी चिडता नि काम ऱ्हातं." ते खरंच होतं. बिल्ल्याची चौकशी करायला मधे तो एकदा एकटाच ठाण्याला गेला, तेव्हा रेकॉर्डच्या खोलीतल्या गुप्ते नावाच्या कारकुनांशी त्याचं वाजलंच होतं. गुप्त्यांना सेबॅस्टियन मुनीस सापडला होता, पण तो पहिल्या दंडाचा, पैसे भरून मिटलेला. "तुझी केस संपली आहे," असं ते म्हणत राहिले. "मग माजा बिल्ला कुठं हाय?" असं हा म्हणत राहिला. शेवटी गुप्त्यांनी चष्मा काढून सांगितलं, "दफ्तरात जे नाही ते जगात नाही. समजलं?" ऐकलंत? भर उन्हात पायपीट करणारी बाई जगात नाही, दाराशी उभे बिनकामाचे बैल जगात नाहीत, आहे ते फक्त गुप्त्यांचं दफ्तर!

आता त्याच खोलीत व्हेरोनिकाने गुप्त्यांपुढे हात जोडले. "रावसाहेब, त्या दिशी भाईंदरच्या रस्त्याला कोन कोन धरले, तेवढं वाचा ना. आमी गप ऐकतो."

बाईमाणूस विनवतेय म्हटल्यावर गुप्ते जरा नरमले. कपाटातून गठ्ठा ओढला, धूळ झटकली आणि वाचायला लागले. कुणी टांगेवाला, कुणी मिठाचा गाडीवान, कुणी सायकलवर डबलसीट गेलेला. मग म्हणाले, "सांत पेद्रू वलद सांत पेद्रू, चौक. बिनदिव्याची गाडी. फरारी."

व्हेरोनिकाने कपाळावर हात मारून घेतला. "जेजू! ही त आमची नाव!"

"तुमचं नाव?"

"आमचं न्हाय वो, आमची! पान्यातली! बंदराला बांधलेली हाय, ती!"

गुप्त्यांना समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा ते हसले नाहीत, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. पण त्यांनी जो उपाय सुचवला तो ऐकून बस्त्यावची कानशिलं तापली. "हे बघ, नाव दुरुस्त करायचं म्हणजे अर्ज, स्टॅम्प, प्रतिज्ञापत्र, पाद्र्याचा दाखला. महिने जातील. त्यापेक्षा साहेबांपुढे उभा राहा, शपथ घे, मीच सांत पेद्रू म्हणून सांग आणि अंगठा दे. आज वॉरंट रद्द, आज बिल्ल्याचा हुकूम."

"शपथेवर खोटं बोलू?"

"खोटं कसलं? कागदाप्रमाणे तेच खरं आहे."

व्हेरोनिकाने नवऱ्याकडे पाहिलं. तिच्या टाळूवर टोपलीने घट्टे पडले होते, मान वळवताना दुखत होती. ती हळूच म्हणाली, "देवाला ठाऊक हाय तुमी कोन ते. द्या अंगठा, घरी चला."

बायकोची मान बस्त्यावलाही दिसत होती. पण आयुष्यभर तो कुणाशी भांडला असेल, शिव्या दिल्या असतील, देवाला साक्ष ठेवून खोटं मात्र कधी बोलला नव्हता. आणि चूक कुणाची? लिहिणाऱ्याची! मग खोटी शपथ बस्त्यावने का घ्यावी? "न्हाय," तो म्हणाला. "मी मानूस हाय, माज्या तोंडानं मी सोताला लाकूड म्हननार न्हाय." आणि गुप्ते थांब थांब म्हणत असताना, पट्टेवाल्याच्या काखेखालून तो सरळ साहेबांच्या समोर जाऊन उभा राहिला. बगलेत कंदील होता. पुरावा म्हणून घरून आणला होता, काजळीसकट.

मॅजिस्ट्रेट साहेब गोरापान, शांत माणूस. "तू कोण?"

"सेबॅस्टियन मुनीस. बस्त्याव म्हनतात. तुमचा फरारी."

"मग सांत पेद्रू कोण?"

"माजी नाव, साहेब. बंदराला बांधलीय. तिच्यावर वॉरंट हाय."

कोर्टभर हशा पिकला. वकील टेबलं बडवून हसले, पट्टेवाला तोंड फिरवून हसला. बस्त्यावचं डोकं सटकलं. "हसू नका!" तो असा गरजला की छतातली कबुतरं उडाली. "तुमाला हसू येतंय. माजी बायको बैलाच्या जागी चालतेय, तिच्याकडं बघून हसा! माजं मावरं दलाल फुकट नेतंय, त्याला हसा! पुकारा नावेचा केलात म्हनून मी नावेकडं धावलो, तर मी फरारी? हाक मारायला चुकला तुमी, नि पळाला म्हनता मना?"

साहेबांनी हात वर केला, कोर्ट शांत झालं. त्यांनी गुप्त्यांना बोलावलं, दोन्ही प्रकरणं मागवली, बराच वेळ वाचली. कपाळावर आठी पडली. एका कागदावर हाच माणूस उजेड केला म्हणून दंडलेला, दुसऱ्यावर उजेड केला नाही म्हणून धरलेला, आणि मधे आठवडाही नाही. त्यांनी वॉरंट रद्द केलं. नावाची दुरुस्ती स्वतःच्या हाताने केली, अर्ज-स्टॅम्पाशिवाय. बिल्ला परत द्यायचा हुकूम लिहिला. व्हेरोनिका दारातून बघत होती, तिने छातीवर क्रुसाची खूण केली.

"दिव्याचा दंड मात्र भरावा लागेल," साहेब म्हणाले. "रस्त्यावर उजेड नव्हता, हे खरं आहे."

"भरतो," बस्त्याव म्हणाला. "पन साहेब, एक सांगा. आज बिल्ला मिळंल, उद्या गाडी निघंल. मी दिवा लावू का इझवू?"

"लावायचा. पण झाकलेला."

"किती झाकू?"

"दर्यावरून दिसू नये इतका झाक. रस्त्यावर पुरेसा उजेड पडला म्हणजे झालं."

"पुरेसा म्हंजे किती?"

बस्त्यावने पुढे होऊन कंदील त्यांच्या टेबलावर ठेवला. हिरव्या बनातीवर काजळी सांडली. पट्टेवाला धावला, साहेबांनी त्याला थांबवलं.

"साहेब, तुमी शिकलेली मानसं. दोनी कायदे तुमचेच. तुमच्या बोटानं तुमाला पायजे तेवढी काजळी पुसा. मी तेवढीच ठेवीन, मरेस्तोवर ठेवीन. मग मना कुनी धरला त मी सांगीन, साहेबानं पुसलीय."

कोर्टात आता कुणी हसत नव्हतं. साहेबांनी खरंच हात पुढे केला. बोट काचेच्या अगदी जवळ गेलं. तिथे ते थांबलं, आणि मग त्यांनी हात मागे घेऊन रुमालाला पुसला, काही लागलं नव्हतं तरी. "ते काम माझं नाही," ते म्हणाले. "पुढचं प्रकरण घ्या."

घ्या! न्याय करणाऱ्याला जे ठरवता येईना ते भर रस्त्यात, दिवस बुडताना, बैलांचे कासरे हातात धरून एका गाडीवानाने ठरवायचं! आणि चुकला तर दंडही त्यानेच भरायचा. साहेब वाईट नव्हते, हे बस्त्याव पुढेही सांगायचा. पण त्या बोटाची गोष्ट निघाली की त्याच्या डोळ्यांत अंगार दिसे.

बिल्ला मिळाला. होड्या वर ओढायला थोडेच दिवस उरले होते, तरी गाडी निघाली. काचेवरची फट बस्त्यावने बदलली नाही. कशी बदलणार, मोठी करावी की लहान तेच कुणी सांगितलं नव्हतं. मिठागरापाशी अंधारून आलं की तो कासरा व्हेरोनिकाच्या हातात द्यायचा, खाली उतरायचा आणि बैलांच्या पुढे ओरडत चालायचा, "गाडी हाऽऽय! बाजूला व्हाऽऽ! गाडी हाऽऽय!" उजेडाला कायदा होता, काळोखाला कायदा होता. आवाजाला अजून नव्हता.

तो मिशीवाला हवालदार एकदा आडवा आलाच. "हे काय नवीन नाटक?"

"दिवा हाय," बस्त्याव म्हणाला. "तुमाला दिसला त दिसला. न्हायतर मी ऐकू येतंय."

हवालदाराने वही काढली, पानं उलटली, काय लिहावं ते सुचेना. "चल, नीघ," तो म्हणाला.

असा तो त्या सालचा उरलेला हंगाम ओरडला. पुढल्या साली ओरडला, लढाई चालली तोवर दर साली ओरडला. बायको मिठाच्या गुळण्या करायला लावी, आलं चघळायला देई. आवाज आधी घोगरा झाला, मग फाटला. तरी रोज मिठागरापासून स्टेशनापर्यंत त्याने गाडी पोचवली, आणि पुन्हा कुणाला त्याला कोर्टात नेता आलं नाही.

लढाई संपली तेव्हा देवळाची घंटा वाजली, घराघरातले काळे कागद लोकांनी ओरबाडून काढले आणि वाळूवर होळी केली. सगळा गाव नाचत होता. बस्त्यावने चुलीपाशी बसून कंदिलाची काच साबणाने स्वच्छ धुतली, दिवा पेटवला, बाहेर येऊन तो उंच धरला आणि सगळ्या गावासारखं मनापासून ओरडायला तोंड उघडलं. ओठ हलले, मानेच्या शिरा ताठ झाल्या, पण घशातून नुसती हवा आली. व्हेरोनिकाने त्याच्या हातातला कंदील घेतला आणि त्याच्या वतीने ती ओरडली.